चार वर्षांचं तारण

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत माझा भाव थोडा वधारतो. एरवी मी निवृत्त माणूस. सकाळी दूध, पेपर, फिरणं आणि दुपारी कादंबरीची पानं खरडणं, एवढाच दिनक्रम. पण मे-जूनमध्ये दोन-तीन कुटुंबं हमखास दार वाजवतात. मुलाला किंवा मुलीला चित्रकलेची पदवी घ्यायची असते आणि त्यावरून घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोललेलं नसतं. माझ्याकडेच का यावं, याचं त्यांचं गणित सोपं आहे. मी लिहितो म्हणजे मला कलेतलं कळत असणार आणि पस्तीस वर्षं बँकेत काढली म्हणजे पैशातलंही कळत असणार. दोन्ही समजुती निम्म्या-निम्म्याच खऱ्या आहेत. पण चहा पुढ्यात असताना तसं सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

प्रश्न ठरलेला असतो. ‘काका, पुढे पोट भरेल का?’ वडील विचारतात, आई मान डोलावते आणि ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं तो मुलगा नखं कुरतडत पंख्याकडे बघत असतो.

गंमत अशी, की या घरांच्या कपाटात इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलेलं असतं. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा म्हणजे मराठी घरातला एक छोटा संस्कारच. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे शब्द आजही कित्येक आया सराईतपणे उच्चारतात. शनिवारी दुपारी मुलाला क्लासला सोडायचं, त्याचा ड्रॉइंग बोर्ड स्कूटरवर आडवा धरून जायचं, हे सगळं हौसेनं होतं. शिवाय इंटरमिजिएट पास झालं की दहावीला काही वाढीव गुण पदरात पडतात. थोडक्यात, दहावीपर्यंत चित्रकलेचे गुण मिळतात आणि बारावीनंतर तोच अवगुण ठरतो.

ही पदवी म्हणजे नेमकं काय, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. बी.एफ.ए. चार वर्षांची. आपल्या राज्यात तिच्या प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हातानं काढून दाखवायचं आणि सामान्यज्ञानाची एक उत्तरपत्रिका लिहायची. पहिलं वर्ष पायाभूत. पुढे रंगकला, शिल्पकला, वस्त्रकला, मातकाम, धातुकाम अशा वाटा फुटतात. जाहिरात, पुस्तकं, अक्षरं यांच्याकडे नेणारी उपयोजित कला वेगळी. १९८१ साली मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, म्हणजे आपल्या जे.जे.त, विद्यापीठाची ही पदवी आली. त्याआधी सरकारी पदविका होती, जी.डी. आर्ट. जुन्या चित्रकारांच्या आणि शाळेतल्या चित्रकलेच्या सरांच्या नावापुढे ही अक्षरं वकिलाच्या नावापुढे बी.ए., एलएल.बी. लावावं तशा ऐटीत लावलेली असत.

पोटाचा प्रश्न विचारणाऱ्यांना मी प्रथम या शाळेचीच गोष्ट सांगतो. १८५७ साली ती सुरू झाली, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून. हेतू मोठा ललित वगैरे नव्हता. एतद्देशीय कारागिरांच्या हाताला नवं वळण मिळावं, चार धंदे उभे राहावेत, हा होता. १८६५मध्ये लॉकवुड किपलिंग इथे आले, ते इमारतींवरची शिल्पं शिकवायला. त्यांचा मुलगा रुडयार्ड त्याच वर्षाच्या शेवटी इथल्याच आवारात जन्मला, ही गोष्ट लोकांना पाठ असते. बापाचं काम मात्र आपण रोज पाहतो आणि बघत नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं त्यांची. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडांत जी पानं, फुलं, पक्षी, माकडं कोरली आहेत, त्या कामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. ती इमारत १८८८मध्ये पुरी झाली. कर्जत-कसाऱ्याची गाडी पकडायला धावणाऱ्या माणसाच्या डोक्यावर एका शिकाऊ पोराचं ‘सबमिशन’ सव्वाशेहून अधिक वर्षं उभं आहे.

म्हणजे आज आईबापांना छळणाऱ्या प्रश्नातूनच ही शाळा जन्मली. तिचे उत्तम विद्यार्थीही त्या प्रश्नाला कधी लाजले नाहीत. रावबहादूर धुरंधर १८९०मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१मध्ये निवृत्त होऊन बाहेर पडले. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आहे. या माणसानं मोठमोठी तैलचित्रं केली, तशीच पोस्टकार्डं केली, पुस्तकांतली चित्रं केली, जाहिरातींची कामं केली आणि कुठल्याही कामाला हलकं म्हटलं नाही. ‘शुद्ध’ कला आणि ‘पोटापाण्याची’ कला अशी चूल मांडण्याची सवय आपल्याला पुष्कळ नंतर लागली. जे.जे.त शिकलेल्या र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवला. विंडोजच्या संगणकावर मराठी अर्ज टाइप करणाऱ्या कित्येक कारकुनांनी तो वर्षानुवर्षं वापरला आहे. त्यांतल्या कुणाला आपण एका चित्रकाराच्या हाताखालून जातो आहोत असं वाटलं नसेल.

एवढं सांगून झालं की वडील थोडे सैलावतात, पण थोडेच. कारण त्यांचा खरा प्रश्न दर महिन्याचा असतो. महिन्याला किती? इथे मात्र मला बँकेतली एक गोष्ट सांगावीच लागते.

२००४ सालची. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. गावात एक पेंटर होते. त्यांचं नाव वेगळं होतं, पण सगळा गाव त्यांना ‘पेंटर’च म्हणायचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची कमळं, निवडणुकीतल्या भिंती, सगळं तेच रंगवत. त्याच सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी फ्लेक्सची यंत्रं आली आणि दोन वर्षांत त्यांचं निम्मं काम गेलं. मुलीनं सीईटी दिली, मुंबईला उपयोजित कलेला प्रवेश मिळाला. पेंटर माझ्यासमोर येऊन बसले. ‘साहेब, माझा हात आता यंत्रानं मारला. हिला निदान यंत्राच्या पलीकडचं शिकू दे.’

शैक्षणिक कर्जाची नवी योजना तेव्हा आली होती. चार लाखांपर्यंत तारण लागत नसे. मी अनुकूल शेरा मारून प्रस्ताव वर पाठवला. तो परत आला. वरच्या कार्यालयाचं म्हणणं असं, की अर्जदाराच्या वडिलांचा व्यवसाय उतरणीला लागला आहे आणि मुलगी त्याच व्यवसायात जाऊ पाहते आहे, सबब परतफेडीची शक्यता संशयास्पद. अभियांत्रिकीच्या मुलाचं भावी उत्पन्न लिहायला आमच्याकडे तयार आकडे असत. चित्रकलेपुढे ती चौकट कोरी. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा परत. अखेर मंजुरी आली ती दिवाळीनंतर, आणि त्यातही रंग, कागद, ब्रश यांचा खर्च कापलेला. का, तर महाविद्यालयाच्या पावतीत तो दाखवलेला नाही. तोवर पेंटरांनी पहिल्या वर्षाचे पैसे पतसंस्थेतून उचलले होते. व्याज सोळा टक्के.

मुलगी शिकली. आज ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, मुखपृष्ठांवरची अक्षरं करते. पोट भरतं का? भरतं. महिन्याला किती? याला उत्तर नाही, कारण तिचे पैसे महिन्यानं येतच नाहीत. श्रावणापासून दिवाळी अंकांची कामं, मग दोन-तीन महिने शुकशुकाट, मग एखाद्या प्रकाशकाचे एकदम तीस-चाळीस हजार. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा ठरलेला. नव्वद दिवस हप्ता आला नाही की आमच्या नियमानं खातं अनुत्पादक, एनपीए. तिचं खातं दोनदा त्या यादीत गेलं आणि दोन्ही वेळा तिनं एकरकमी पैसे भरून बाहेर काढलं. २०१४मध्ये कर्ज संपलं. बँकेचा एक रुपया बुडाला नाही. मी तोवर तीन बदल्या पुढे गेलो होतो. पेंटरांनी फोन करून कळवलं.

आता गंमत पाहा. याच बँका शेतकऱ्याला पीककर्ज देतात, तेव्हा त्याला दरमहा हप्ता मागत नाहीत. पीक निघेल, विकलं जाईल, मग तो पैसे भरेल, हे बँकेला मान्य असतं. ते खातं अनुत्पादक ठरवायलाही कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम थांबायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे माणसाची कमाई हंगामी असू शकते, हे आपल्या बँकिंगला कळतं. शिक्षणाच्या बाबतीत मात्र पहिली तारीख सोडून दुसरी तारीखच त्याला दिसत नाही. चित्रकाराची कमाई शेतीसारखी असते. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याचे पैसे भाद्रपदात, लग्नपत्रिका करणाऱ्याचे मार्गशीर्षापासून पुढे. अशा अभ्यासक्रमांसाठी वर्षातून दोन किंवा तीन हप्त्यांची सोय ठेवायला फार मोठी क्रांती लागत नाही. एक परिपत्रक पुरतं. मी नोकरीत असताना हे दोनदा लेखी सुचवलं. पोच मिळाली.

पालकांना धीर देताना एक गोष्ट मी कटाक्षानं टाळतो, ती म्हणजे लिलावाचे आकडे. वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात तेवीस कोटींच्या वर गेलं. त्यांनी जे.जे.ची पदविका १९४८मध्ये घेतली होती. पण हा आकडा निघाला तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते दिल्लीत अगदी मोजक्या गरजांत राहिले. या आकड्यावरून मुलाचा प्रवेश ठरवणं म्हणजे लॉटरीचं तिकीट तारण ठेवून घर बांधण्यासारखं आहे. पुढे पेंटरच्या मुलीसारखं जगता आलं तर चालेल का, एवढंच घरात विचारावं. चालणार नसेल तर तेही प्रामाणिक उत्तर आहे.

सगळ्यांनीच या वाटेला जावं असंही मी म्हणत नाही. मुलगा आला की मी त्याची वही मागतो. फोटोवरून काढलेली नटनट्यांची पेन्सिल-चित्रं हल्ली पुष्कळ दाखवली जातात. मोबाइलवर टाकली की शाबासकीही मिळते. ती मी बाजूला ठेवतो आणि रफ वहीची शेवटची पानं बघतो. तिथे गणिताच्या तासाला काढलेली बाकावरची मुलं, बसथांब्यावरचा म्हातारा, स्वयंपाकघरातला मिक्सर, असं कुणाला दाखवण्यासाठी न काढलेलं काही सापडलं तर मी मुलाच्या बाजूनं बोलतो. नाही सापडलं तर गप्प बसतो. माझी ही परीक्षा शास्त्रशुद्ध वगैरे नाही. मोठमोठ्यांच्या परीक्षाही कुठे होत्या? आर. के. लक्ष्मण यांना जे.जे.नं प्रवेश नाकारला होता.

इथवर मी पालकांच्या प्रश्नाविषयी बोललो. पण मला खरी काळजी वाटते ती त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाची. पदवीनंतर काय, हे सगळे विचारतात. पदवीच्या चार वर्षांत काय, हे कुणी विचारत नाही.

कादंबरीच्या निमित्तानं एकदा मला एका कला महाविद्यालयाच्या वर्गात मागे बसायची परवानगी मिळाली होती. हेड स्टडीचा तास. समोर एक म्हातारे गृहस्थ मॉडेल म्हणून बसलेले. वीसेक मिनिटं स्थिर, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा तसेच. एका मुलीनं चेहरा हुबेहूब आणला होता. डोळे, नाक, मिशीचे केससुद्धा. मला तर ती वर्गात पहिली यावी असं वाटलं. सर मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मान बघ. या मानेवर हे डोकं राहील?’ आणि पुढे गेले. तिच्या हातातला कोळसा त्यांनी घेतला नाही, एक रेघ काढून दाखवली नाही. मुलगी पाच मिनिटं नुसती त्या म्हाताऱ्या मानेकडे बघत होती. मग तिनं चिंधी घेतली आणि अर्धं चित्र पुसून टाकलं. त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या कादंबरीतल्या एका पात्राची दोन प्रकरणं काढून टाकली.

या पदवीत शिकायचं ते हे. आता संगणकाला दोन ओळी सांगितल्या की तो म्हाताऱ्याचं चित्र क्षणात काढून देतो. मग हे शिकून काय करायचं, असं पालक हल्ली विचारतात. पण ती मान डोकं पेलणार नाही, हे ओळखायला कुणीतरी लागतंच आणि ते ओळखणारा डोळा चार वर्षं रोज घासल्याशिवाय तयार होत नाही. नग्न मॉडेलवरून करायच्या अभ्यासाबद्दल आया दबक्या आवाजात विचारतात, त्याचंही उत्तर हेच. १९२०च्या सुमारास सोलोमन यांनी जे.जे.त तो अभ्यास रुजवला, म्हणजे त्याला शंभर वर्षं होऊन गेली. २०१८ साली ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट आला, त्यात अशा मॉडेलचं काम करणाऱ्या बाईची कथा होती. तो पाहिल्यावर आमच्या शेजारच्या वहिनींनी हा प्रश्न विचारणं बंद केलं आणि त्या बाईंना मानधन किती मिळतं, हे विचारायला सुरुवात केली. प्रश्न अधिक चांगला होता.

आणि हा डोळा घासून घेणारा माणूस म्हणजे शिक्षक. बडोद्याच्या विद्यापीठात १९५०मध्ये ललित कलांची विद्याशाखा निघाली तेव्हा तिच्याकडे परंपरा नव्हती, नाव नव्हतं. इंदूरचे आपले नारायण श्रीधर बेंद्रे तिथे गेले आणि सोळा वर्षं राहिले. त्यांच्या हाताखालून ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखी माणसं निघाली आणि मुंबई-पुण्याची मुलंही बडोद्याचे फॉर्म भरू लागली. जे.जे.तही पळशीकरांचं नाव काढलं की त्यांचे विद्यार्थी आजही हळवे होतात. संस्था म्हणजे तिच्या वर्गातून फिरणारा माणूस.

त्याच जागी आपण काय केलं? राज्यातल्या सरकारी कला महाविद्यालयांत अध्यापकांची मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली. काम चालवलं ते तासिका तत्त्वावरच्या आणि कंत्राटी शिक्षकांनी. त्यांतले कित्येक अतिशय गुणी आहेत. पण ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्यानं एखाद्या मुलाच्या मानेसाठी चार वर्षं कशी थांबावं? २०२३ साली जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याआधी पुष्कळ वाद झाला, शुल्क वाढेल ही भीतीही व्यक्त झाली. दर्जाच्या पाटीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाट्या रंगवणाऱ्याशी माझी दोस्ती होती. पाटीखालच्या वर्गात कायमचा शिक्षक आहे का, शासन त्या जागा भरतं का, एवढंच मला कळायला हवं. बँकेत आम्ही कर्ज देण्यापूर्वी कारखान्याची जागा पाहायला जायचो. यंत्रं आहेत का आणि चालू आहेत का, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एका खासगी कला महाविद्यालयात मला मुद्राचित्रणाचं सुंदर जुनं यंत्र दाखवलं गेलं. त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, आणि गठ्ठ्यातला वरचा अंक आठ महिन्यांपूर्वीचा होता.

तेव्हा पालकांनी वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी जाऊ नये. त्या दिवशी सगळीच महाविद्यालयं देखणी दिसतात. ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी अकरा वाजता जावं. फरशीवर रंग सांडलेले आहेत का पाहावं. ईझल किती आणि मुलं किती, मोजावं. शिकवणाऱ्यांना त्यांची स्वतःची चित्रं दाखवा म्हणावं. जो चित्रं काढतो तो आनंदानं दाखवतो. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला टपरीवर चहा पाजून विचारावं, गेल्या महिन्यात तुझं काम किती सरांनी पाहिलं? माहितीपत्रकाच्या चकचकीत पानांपेक्षा त्या चहाला पैसे कमी पडतात. हे सगळं प्रवेशाच्या आदल्या वर्षी करायचं असतं, हे सांगायला नको.

आणि कर्ज काढणार असाल तर एक करा. सरकारी महाविद्यालयात शुल्कापेक्षा सामानाचा खर्च जड होतो. कॅनव्हास, कागद, चौकटी. तैलरंगांत कोबाल्ट आणि कॅडमियमचे रंग तर बोटाएवढ्या नळीलाही घाम फोडतात. चारही वर्षांच्या सामानाचा अंदाजे खर्च महाविद्यालयाकडून त्यांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या आणि अर्जाला जोडा. तोंडी सांगितलेला रंग बँकेला दिसत नाही. हे पत्र प्रवेशाच्या दिवशीच मागा. कारकून उद्या या म्हणेल. तिथेच बाकावर बसून राहा.